पाचशे रुपयांच्या वर्गणीत काय मिळते? साताऱ्यातील एका प्राध्यापक संघटनेच्या सेवेविषयी

मागच्या महिन्यात आमच्या महाविद्यालयात पूर्णवेळ सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या एका मॅडमनी स्टाफरूममध्ये मला विचारले, "सर, संघटनेची वर्षाची वर्गणी पाचशे रुपये आहे म्हणतात. त्यात मिळते काय?" या नेमणुकीपूर्वी त्यांनी अकरा वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवले आहे, त्यामुळे पाचशे रुपयांची किंमत त्यांना माझ्यापेक्षा नेमकी ठाऊक होती. मी १९९७ पासून वर्गणी भरतो, तीन मोर्चांत चाललो, एका बहिष्कारात पगार गमावला, आणि तरीही मला चटकन उत्तर देता आले नाही. मिक्सर घ्यायचा तर आपण हमी किती वर्षांची, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीला कुठे न्यायचे, हे सगळे विचारून घेतो. संघटनेच्या बाबतीत मात्र "आपलीच आहे" एवढे म्हणून पावती खिशात टाकतो. मॅडमना जे उत्तर द्यायला हवे होते ते सावकाश विचार करून येथे लिहितो आहे.

संघटनेचे नाव लिहीत नाही. खाली ज्या तक्रारी येतील त्या एका स्थानिक शाखेविषयी आहेत, आणि ती शाखा चालवणारी माणसे मला दर दोन दिवसांनी मंडईत भेटतात.

शाखेचे कार्यालय म्हणजे पोवई नाक्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावरील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची एकच खोली. दर रविवारी सकाळी अकरा ते दुपारी एक या वेळेत ती उघडी असते. आत दोन लोखंडी कपाटे आहेत, त्यांत शासन निर्णयांच्या फायली वर्षवार लावलेल्या आहेत, आणि फायलींच्या पाठीवरचे आकडे एकाच वळणदार अक्षरात आहेत. टेबलामागे बसणारे सर गणिताचे. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षे झाली. सेवापुस्तकाची झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली की ते आधी चष्मा पुसतात, मग लाकडी पट्टी एकेका ओळीखाली धरत खाली सरकतात आणि शंका आली तेथे पेन्सिलीने बारीक टिंब देतात. बोलत नाहीत. समोर बसलेल्याने बोललेलेही त्यांना चालत नाही.

माझ्या विभागातील एका सहकारी बाईंची वेतननिश्चिती मी स्वतः या टेबलावर तपासून घेतली आहे. त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी, तिच्यासाठी लागणारे प्रशिक्षण म्हणजे उजळणी वर्ग पूर्ण झाल्याच्या तारखेपासून धरली होती. तिसऱ्या टिंबाला सर थांबले आणि म्हणाले, "बाई, उजळणी वर्गाला तेव्हा मुदतवाढ मिळाली होती. तुम्हाला लाभ पात्रतेच्या तारखेपासून मिळायला हवा, वर्ग संपल्याच्या तारखेपासून नव्हे." मग उठून कपाटातील फाईल काढली, मुदतवाढीचे पत्र शोधले, त्याची झेरॉक्स काढून आणायला सांगितले आणि अर्जाचा मसुदा तेथेच हाताने लिहून दिला. दोन तारखांमध्ये जवळपास तीन वर्षांचे अंतर होते. पुढे वरच्या कार्यालयात चार खेपा झाल्या. त्यांतल्या दोन वेळा शाखेचा माणूस स्वतःच्या रजेवर बाईंबरोबर गेला आणि एसटीचे तिकीटही त्याने त्यांना काढू दिले नाही. फरकाची रक्कम पंधरा महिन्यांनी जमा झाली. पाचशे रुपयांत असे काम करून देणारा सल्लागार साताऱ्यात दुसरा कुठे असेल, असे मला वाटत नाही.

ही सेवा कोणत्याही जाहिरातीत नाही, शाखेच्या पत्रकातही तिचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो. पत्रकात ठळक अक्षरांत असतो तो संप. तेव्हा आता त्याविषयी, आणि येथे थोडे लांब जावे लागेल.

प्राध्यापकांचा संप म्हणजे काय, हे ते कोणत्या प्रकारच्या विद्यापीठात शिकवतात यावर ठरते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ उभे राहिले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. ही चौकट इंग्रज गेल्यावरही बदलली नाही. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासह दक्षिण महाराष्ट्रातील महाविद्यालये त्याला संलग्न झाली, तेव्हाही सगळ्यांना जोडणारा धागा परीक्षा हाच राहिला. म्हणून आमच्याकडे वर्ग बंद ठेवला तर फारसे कोणी विचारत नाही. परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला की मंत्रालयापर्यंत हालचाल होते. नायजेरियात इबादानचे विद्यापीठ महाविद्यालय १९४८ मध्ये लंडन विद्यापीठाशीच जोडलेले म्हणून निघाले, परंतु तेथे पुढे निवासी विद्यापीठे वाढली, आणि त्यामुळे तेथील संप म्हणजे सगळा परिसर, वसतिगृहांसह, ओस पडणे. मूळ घराणे एक असूनही दोन्हीकडे संपाचे हत्यार वेगळे घडले.

आमचे हत्यार मी २०१३ मध्ये जवळून पाहिले. महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, ४ फेब्रुवारीपासून परीक्षांच्या कामावर बहिष्कार पुकारला आणि तो १० मे रोजी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मागे घेतला. एकूण ९६ दिवस. प्रमुख मागण्या दोन होत्या. सहाव्या वेतन आयोगाच्या फरकाची रक्कम, जिच्यातील ऐंशी टक्के वाटा १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळासाठी केंद्राने उचलायचा होता, ती हातात पडावी. आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट, म्हणजे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या, प्राध्यापकांना नियमित धरावे. मी स्वतः सेट झालेलो होतो, त्यामुळे दुसरी मागणी माझी नव्हती. परंतु शेजारच्या टेबलावर बसणारे मित्र सोळा वर्षे शिकवूनही कागदावर तात्पुरतेच होते, आणि त्यांच्यासमोर बसून पेपर तपासणे मला शक्य नव्हते.

त्या वर्षी माझी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्गात होती. मार्चमधल्या एका रात्री जेवताना तिने विचारले, "बाबा, माझे पेपर तपासणार कोण?" तिच्या आईने तिला गप्प केले, मी वरणभात खात राहिलो. बहिष्कारामागची सगळी बाजू मला तोंडपाठ होती, पण त्या ताटासमोर ती मांडता आली नाही.

सेवा म्हणून पाहिले तर या ९६ दिवसांत शाखेने काय दिले? माहिती दिली, आणि ती चांगली दिली: रोज रात्री दहाच्या आत निरोप येई, अफवेला जागा राहत नसे. मंचावर बोलणारे भरपूर दिले, गरजेपेक्षा थोडे अधिकच. पण आमच्यापैकी सहभागी झालेल्यांचा ७१ दिवसांचा पगार रोखला गेला, तेव्हा शाखेकडे संपनिधी नावाची गोष्टच नव्हती. पतसंस्थेचा हप्ता थकलेल्या दोन तरुण सभासदांना आम्ही चौघांनी मिळून हातउसने दिले. बहिष्कार पुकारताना घरखर्चाची तरतूद कोणी विचारात घेतली नव्हती. फरक मिळाल्यावर "लढानिधी" द्या, असे पत्रक मात्र वेळेवर आले. त्या ७१ दिवसांच्या पगाराची मागणी पाच वर्षांनंतर, २५ सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या कामबंद आंदोलनाच्या मागण्यांतही होती, यावरून वसुलीचा वेग लक्षात यावा.

गावाकडचे माझे काका गिरणीत होते. साताऱ्याकडची कितीतरी माणसे गिरणगावात होती आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप रीतसर कधी मिटलाच नाही, तशी ती एकेक करून परत आली. २०१३ च्या मे महिन्यात काका मला म्हणाले, "आमचा साचा थांबला की शेटचं कापड थांबायचं. तुम्ही थांबलात तर सरकारचं काय थांबतं?" माझ्या मते प्राध्यापकांच्या संपातील खरी अडचण याच वाक्यात आहे. गिरणीचा मालक रोज तोटा सोसतो; विद्यापीठ बंद पडले तर सरकारचा पगारावरचा खर्च उलट वाचतो, आणि नुकसान ज्याच्या खात्यात जाते तो विद्यार्थी वाटाघाटीच्या टेबलावर बसलेलाच नसतो. "काम नाही, तर दाम नाही" हे तत्त्व त्यामुळे सरकारला शिक्षेपेक्षा बचत म्हणूनच सोयीचे पडते.

कायद्याची बाजूही लंगडी आहे, आणि सभासद होणाऱ्याला ती आधी सांगायला हवी. आपला कामगार संघटनांचा कायदा २०२५ पर्यंत १९२६ चाच, इंग्रजांच्या काळातला होता. बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था "उद्योग" या व्याख्येत येऊ शकते असे म्हटले. परंतु दहा वर्षांनी, ए. सुंदरंबल विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या खटल्यात, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने "कामगार" नव्हे असा निर्णय दिला. म्हणजे कारखाना ठरला, पण आत काम करणारा कामगार ठरला नाही. कामावरून काढलेला फिटर त्या कायद्याचा आधार घेऊन ज्या दाराशी जाऊ शकत होता, ते दार प्राध्यापकाला बंदच राहिले, आणि म्हणून आमच्या संघटनांचे निम्मे बळ रस्त्यावर व निम्मे उच्च न्यायालयातील याचिकांवर खर्च होते.

नायजेरियातील प्राध्यापकांच्या संघटनेची, एएसयूयूची, गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो, आणि सांगताना मनात आमची शाखा असते. ही संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली. १९८६ मध्ये तेथे कर्जाच्या बदल्यात आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आला, चलनाची किंमत घसरली, आणि प्राध्यापकांच्या पगारात पुस्तक तर सोडाच, महिन्याचा बाजार भागेना. १९८८ मध्ये संप झाला. लष्करी राजवटीने संघटनेवर बंदी घातली. १९९० मध्ये बंदी उठली, १९९२ मध्ये पुन्हा आली. त्या काळातील अध्यक्ष अत्ताहिरू जेगा पुढे देशाच्या निवडणूक आयोगाचे प्रमुख झाले. संघटनेने घडवलेला माणूस राज्ययंत्रणेच्या एवढ्या वर पोहोचल्याचे उदाहरण क्वचितच सापडते.

मात्र मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २००९ चा करार. पगार, विद्यापीठांचा निधी, स्वायत्तता असे सगळे त्यात लिहिलेले होते आणि दर तीन वर्षांनी फेरविचाराची सोयही होती. सरकारने सही केली. त्यानंतर २०१३ मध्ये साडेपाच महिने, २०२० मध्ये नऊ महिने आणि २०२२ मध्ये १४ फेब्रुवारी ते १४ ऑक्टोबर असे पूर्ण आठ महिने संप झाले, आणि प्रत्येक वेळी मागण्यांच्या मुळाशी त्याच सही झालेल्या कागदाची अंमलबजावणी होती. शेवटच्या संपात तर पगार कोणत्या संगणक प्रणालीतून द्यायचा, सरकारच्या की विद्यापीठातील मंडळींनी तयार केलेल्या, हाही वादाचा विषय होता. अखेर औद्योगिक न्यायालयाने कामावर परतण्याचा आदेश दिला. ऑक्टोबरचा पगार तारखा मोजून अर्धा दिला गेला, आणि रोखलेल्या पगारांपैकी चार महिन्यांचा पगार सोडण्यास पुढच्या वर्षी देशाच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी मान्यता दिली. दरम्यान सरकारने दुसऱ्याच दोन प्राध्यापक संघटनांची नोंदणी करून दिली होती. आमच्याकडे ज्याला "फूट पाडणे" म्हणतात त्यासाठी तेथे वेगळा शब्द असेल, पद्धत तीच.

केनियात नव्वदच्या दशकात विद्यापीठ शिक्षकांच्या संघटनेला सरकार नोंदणीच देत नव्हते. आता नोंदणी आहे, करार आहेत. तरीही २०२५ मध्ये ४९ दिवसांचा संप करावा लागला तो २०१७ ते २०२१ या काळाच्या कराराची थकबाकी मिळवण्यासाठी. तीही हप्त्यांत देण्याचे ठरले. हप्ता हा शब्द वाचून मला आमच्या फरकाच्या रकमेची आठवण झाली आणि हसूही आले.

वसाहतीतून सुटलेल्या या देशांत विद्यापीठ हे सरकारच्या पैशावर चालते आणि सरकार नेहमी तंगीत असते. त्यामुळे करारावर सही करणे हा संप मिटवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो, पैसे देण्याची वेळ पुढच्या अर्थमंत्र्यावर येते. म्हणून मी सेवेचे मोल करताना संप किती दिवस चालला हे पाहत नाही. सहीनंतर त्या कागदामागे कोण किती खेपा घालतो, हे पाहतो. त्या पट्टीवर रविवारची ती खोली आणि गणिताचे ते सर, मंचावरच्या कोणत्याही भाषणापेक्षा वर आहेत.

संप करायचाच असेल तर तो कसा करावा, यासाठी मी श्रीलंकेकडे बोट दाखवीन. २०१२ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तेथील विद्यापीठ शिक्षकांच्या महासंघाने सुमारे शंभर दिवस काम बंद ठेवले. पगाराची मागणी होतीच, पण पुढे केली ती सहा टक्क्यांची: राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करा. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये मांडलेला आकडाही हाच, पण तो आमच्या निवेदनांत पाचव्या-सहाव्या क्रमांकावर निपचित पडलेला असतो. श्रीलंकेत त्यांनी तो घोषणेत आणला, दहा लाख सह्यांची मोहीम काढली, सप्टेंबरमध्ये गॉलहून कोलंबोपर्यंत पायी मोर्चा नेला. १९४५ पासून मोफत शिक्षण मिळालेल्या त्या समाजात पालकांना हा प्रश्न आपला वाटला. सहा टक्के मिळाले नाहीत, हे खरे. परंतु तेथील एखाद्या मुलीने बापाला "माझे पेपर कोण तपासणार" असे विचारले असते, तर त्याच्याजवळ तिच्या उपयोगाचे काहीतरी उत्तर होते. २०१३ मध्ये माझ्याजवळ नव्हते.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत गंभीर म्हणजे तासिका तत्त्वावरील शिक्षकांविषयी. मोर्चाला संख्या हवी असते तेव्हा त्यांना निरोप जातो. त्यांच्या मानधनाची वाढ ही मागणी पत्रकात असते. पण सभासदत्वाचा अर्ज मागितला की "पूर्णवेळ झाल्यावर या" असे सांगितले जाते. ज्या मॅडमच्या प्रश्नावरून हे लिखाण सुरू झाले त्यांना हे उत्तर अकरा वर्षांत दोन वेळा मिळाले होते, हे मला त्यांच्याकडूनच, आणि तेही आत्ता, समजले. पहिल्यांदा त्या गेल्या तेव्हा मी त्या शाखेच्या कार्यकारिणीत होतो.

दुसरी तक्रार हिशेबाची. वार्षिक सभेत जमाखर्च "वाचला असे समजून" मंजूर होतो. लढानिधी किती जमला आणि कुठे गेला, हे मला अठ्ठावीस वर्षांत एकदाही छापील कागदावर दिसलेले नाही. मला अफरातफरीचा संशय नाही. ज्या माणसाने स्वतःच्या खिशातून एसटीचे भाडे भरले त्याच्यावर तो कसा घ्यायचा? पण रोज शासनाकडे कागद मागणाऱ्या संघटनेने स्वतःचा कागद देऊ नये, हे शोभत नाही. तिसरी तक्रार किरकोळ वाटेल: रविवारी अकरा ते एक ही वेळ घरी स्वयंपाक न करणाऱ्यांनी ठरवलेली आहे, आणि बायका त्या खोलीत कमी दिसतात याचे कारण त्यांची उदासीनता नव्हे. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये झालेल्या राज्यव्यापी संपात आमच्या महाविद्यालयातून सर्वांत मोठी रांग बायकांचीच होती. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना ती पेन्शन लागू नव्हती, आणि त्यांत त्या पुष्कळ आहेत.

ज्यांना सभासद व्हायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाची मान्यता, सेवापुस्तकाची सर्व पाने आणि उजळणी वर्गांची प्रमाणपत्रे यांच्या दोन-दोन प्रती घेऊन जा. मूळ कागद सर हातात घेत नाहीत. साडेअकराच्या आत पोहोचा, नंतर गर्दी होते. चहा येतो, तो गोड असतो. कपाटातील फाईल घरी नेता येत नाही, फोटो काढता येतो. संपाच्या काळात पगार थांबू शकतो आणि शाखा तो भरून देणार नाही, हे गृहीत धरून दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. सल्ल्यासाठी मी या सेवेला पाचपैकी पाच गुण देईन, संपाच्या आखणीसाठी अडीच, आणि हिशेबासाठी सध्या एकही नाही.

मागच्या रविवारी मॅडमना घेऊन मी त्या खोलीत गेलो. खजिनदारांनी पाचशेची नोट घेतली, पावतीवर नाव, हुद्दा आणि महाविद्यालय लिहिले. पावती पर्समध्ये ठेवण्याआधी मॅडमनी विचारले, "मागच्या तीन वर्षांचा जमाखर्च बघायला मिळेल का?" पट्टी सरकवणारे सर थांबले, चष्म्यावरून त्यांनी आधी मॅडमकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. खजिनदार म्हणाले, "किल्ली घरी राहिलीय. पुढच्या रविवारी या." मॅडमनी पावतीच्या मागे तारीख लिहून घेतली. आम्ही साडेअकराच्या आत पोहोचणार आहोत.